तांबडा राक्षसी तारा, लाल महाकाय की लाल दानव?

प्रश्न

शाळेतल्या मुलांसाठी आकाशदर्शनाची छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. मे महिन्याच्या पानावर त्रिशंकू हा दक्षिणेकडचा तारकासमूह आहे. त्यातला सगळ्यात वरचा तारा गॅमा क्रूसिस, म्हणजे गॅक्रक्स, हा 'रेड जायंट' आहे. त्याला मराठीत काय लिहू? माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात 'तांबडा राक्षसी तारा' आहे, बातम्यांत 'लाल महाकाय' वाचलंय, आणि हल्ली 'लाल दानव'ही दिसतं. शिवाय 'राक्षसी' म्हटलं की मुलांना ती गोष्टीतली राक्षसीण वाटेल का, ही धास्ती आहेच.

प्रतिसाद

'लाल दानव' हिंदीतून आलंय. तिथे ते रुळलेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठीत मोठेपणा सांगायला आपण 'दानव' वापरत नाही. माझं मत 'महाकाय'ला. सरळ शब्द आहे, मुलं घाबरणारही नाहीत.

प्रतिसाद

ताई, आधी रंगाचं बोलू, कारण घोटाळा तिथेच जास्त होतो.

माझं म्हणणं 'तांबडा'च ठेवा. 'लाल' म्हटलं की डोळ्यांपुढे कुंकू येतं, सिग्नलचा दिवा येतो. 'तांबडा' तांब्यावरून आला आणि त्याचा पल्ला मोठा आहे. तांबडी माती, तांबडा भोपळा, पहाटेचं तांबडं फुटणं, यातलं काहीच कुंकवासारखं लाल नसतं. हा ताराही तसा नाही. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 3,600 केल्व्हिन आहे. जुन्या काचेच्या बल्बची तार 2,700-2,800 केल्व्हिनपर्यंत तापते आणि तिच्या उजेडाला आपण पिवळा म्हणतो. मग त्याहून जास्त तापलेला तारा रक्तासारखा लाल कसा दिसेल? सूर्याच्या जवळपास 5,800 केल्व्हिनच्या मानाने तो थंड, म्हणून तांबूस. एवढाच त्या नावाचा अर्थ.

गेल्या मे महिन्यात कोकणात गावी होतो. रात्री दहाच्या सुमाराला पुतण्याला घेऊन पुळणीवर गेलो. त्रिशंकू दक्षिणेला बरोबर उभा होता. पुतण्या नऊ वर्षांचा, 'लाल तारा' दाखवतो म्हणून नेलेला. बराच वेळ बघून म्हणाला, "काका, लाल कुठाय यात?" मग दुर्बिणीचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवला. त्यामुळे ताऱ्याचा टिंब पसरून छोटी चकती होते आणि रंग नीट कळतो. त्याने पुन्हा डोळा लावला आणि लगेच म्हणाला, "हा तर भोपळ्याचा रंग!" इतकं नेमकं वर्णन मला जमलं नसतं. क्षितिजाजवळ सगळंच तांबूस दिसतं अशी शंका येईल. पण त्रिशंकूतलाच शेजारचा तारा मिमोसा जवळजवळ तितकाच खाली असतो आणि तरी निळसर पांढरा दिसतो. गॅक्रक्सचा रंग त्याचा स्वतःचाच आहे.

आता 'राक्षसी'. मराठीत हा शब्द दुष्टपणासाठी येतो तसाच नुसत्या प्रचंडपणासाठीही येतो. निवडणुकीत 'राक्षसी बहुमत' मिळतं तेव्हा आकडाच डोळ्यांपुढे असतो. तिथे 'राक्षसी' हे विशेषण आहे आणि ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. राक्षसी तारा, राक्षसी ताऱ्याचा, राक्षसी तारे. राक्षसिणीची भीती असेल तर पुढचा 'तारा' कधी गाळू नका. बातमीच्या मथळ्यात तो गळतो, 'सूर्य लाल राक्षस होणार' असं छापतात आणि पाठोपाठ 'पृथ्वीला गिळणार' येतंच. सूर्य फुगेल ते सुमारे पाच अब्ज वर्षांनी. पण एकदा 'राक्षस' म्हटलं की गिळणं आपोआप आलं.

मुळात जायंट हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्ट्झस्प्रुंग आणि रसेल यांच्या कामातून रूढ झालं. एकाच रंगाचे, म्हणजे साधारण एकाच तापमानाचे दोन तारे घेतले तर एक अगदी मिणमिणता निघतो आणि दुसरा हजारो पट तेजस्वी. तापमान तेच असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून सारखाच प्रकाश निघणार. म्हणजे दुसऱ्याचा पृष्ठभागच अफाट असला पाहिजे. मोठेपणा असा हिशेबातून निघाला.

गॅक्रक्सचंच बघा. त्रिज्या सूर्याच्या सत्तर-ऐंशी पट. सूर्याच्या जागी ठेवला तर बुधाच्या कक्षेच्या आसपास पोचेल. वस्तुमान मात्र सूर्याच्या दीडपट धरतात. इतकं थोडं द्रव्य इतक्या जागेत पसरलं की सरासरी घनता आपण श्वास घेतो त्या हवेच्याही दोन-तीनशे पट कमी भरते. पोटातला हायड्रोजन संपला, हेलियमचा गाभा आकसून तापला, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जळत राहिला आणि बाहेरचं आवरण फुगत जाऊन निवलं. 'महाकाय' म्हटलं की भरभक्कम देह वाटतो आणि हे विरळपण झाकलं जातं. 'राक्षसी'तही ते दिसत नाही, हे मान्य. पण त्या शब्दाला गोतावळा आहे. ज्येष्ठा आणि काक्षी या 'महाराक्षसी', म्हणजे सुपरजायंट, ताऱ्यांना मग 'अतिमहाकाय' असं ओढून ताणून म्हणावं लागत नाही.

उपप्रतिसाद

मेलबर्नहून लिहितोय. इथे गॅक्रक्स मावळतच नाही, वर्षभर दक्षिण ध्रुवाभोवती फिरतो. गॅक्रक्सपासून खालच्या अक्रक्सकडे रेघ ओढून साडेचारपट पुढे नेली की दक्षिण ध्रुवबिंदू येतो. इथल्या झेंड्यावरही त्रिशंकू आहे.

'त्रिशंकू' या नावाबद्दल मला फार प्रेम आहे. विश्वामित्राने सदेह स्वर्गाला पाठवलेला राजा, इंद्राने ढकलून दिला आणि तो डोकं खाली करून दक्षिणेला लटकत राहिला. त्यावरूनच आपली 'त्रिशंकू अवस्था' आणि 'त्रिशंकू विधानसभा'. महाराष्ट्रातून बघताना गॅक्रक्स वर राहतो, म्हणजे मी तरी त्याला राजाचे पाय समजायचो. इथे नोव्हेंबरच्या संध्याकाळी अख्खी आकृती उलटी होऊन क्षितिजाला टेकते आणि तेच पाय जमिनीला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरी आईला फोन केला होता.

ब्राझीलमध्ये या ताऱ्याला रंगावरून 'रुबीदिया', माणकासारखा, म्हणतात. आपला भोपळा मला जास्त पटला.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. 'तांबडा राक्षसी तारा' नक्की. आता पुढचा पेच: अशा ताऱ्याचा शेवटी नुसता गाभा उरतो, त्या व्हाइट ड्वार्फला 'श्वेत बटू' की 'श्वेत खुजा'? आमच्या मुलांना बटू म्हणजे मुंजीतला मुलगाच माहीत आहे.

उपप्रतिसाद

मग 'खुजा' घ्या. राक्षस आणि बटू म्हटलं की बळी-वामनाची गोष्ट मधे येते आणि मुलं तिकडेच जातात. 'खुजा' नुसती उंची सांगतो.

प्रश्नकर्ती

पान असं केलंय: "मे महिन्यात रात्री दहाला दक्षिणेकडे पाहा. पुण्या-मुंबईहून क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर, पसरलेल्या हाताच्या दीड मुठीएवढ्या उंचीवर, भोपळ्याच्या रंगाचा एक तारा दिसेल. तो गॅक्रक्स, आपल्याला सर्वांत जवळचा तांबडा राक्षसी तारा. अंतर सुमारे 88 प्रकाशवर्षं. त्रिशंकूचे बाकीचे तेजस्वी तारे निळसर पांढरे आणि त्याच्या कितीतरी मागे आहेत."

उपप्रतिसाद

सुंदर. फक्त 'सर्वांत जवळचा'पाशी थोडं थांबा. रोहिणी 65 प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, तीही राक्षसी, आणि तिचं नावच तांबडेपणावरून पडलंय. स्वाती तर 37 वरच. पण ताऱ्यांचे तापमानावरून वर्ग पाडतात, त्यात या दोघी 'के' वर्गातल्या, नारिंगीकडे झुकणाऱ्या, आणि गॅक्रक्स त्याहून थंड 'एम' वर्गातला. 'एम वर्गातला सर्वांत जवळचा राक्षसी तारा' असं लिहा, म्हणजे रोहिणी ओळखणारं एखादं पोर तुम्हाला अडवणार नाही.