कांदा, 2n = 16 (शरीरपेशीत 16 गुणसूत्रे): पश्चावस्थेत 32 की 16?

प्रश्न: सूत्री विभाजनाच्या (शरीरपेशींच्या साध्या विभाजनाच्या) पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे ध्रुवांकडे सरकतात तेव्हा, 32 गुणसूत्रे धरायची, पण अर्धसूत्रीच्या (संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) पश्चावस्था-1 मध्ये 16 च. असं का?

उत्तर 1: गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राचे भाग जिथे जोडलेले असतात ती जागा) मोजा, हात मोजू नका. मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत असतात तेव्हा) 16 बिंदू, म्हणून गुणसूत्रे 16. अर्धगुणसूत्रे (दुहेरी गुणसूत्राचे दोन सारखे धागे) मात्र 32. सूत्री पश्चावस्थेत बिंदू दुभंगतात, म्हणून पेशीत 32, प्रत्येक ध्रुवाकडे 16. पश्चावस्था-1 मध्ये बिंदू दुभंगतच नाहीत, फक्त जोड्या सुटतात: एकूण 16, ध्रुवाकडे 8-8, प्रत्येक अजून दुहेरी. दुभंग पश्चावस्था-2 मध्ये होतो. तेव्हा 8 च्या पेशीत 16 दिसतात आणि शेवटी 8 उरतात, एकेरी. डीएनए दुप्पट झाला म्हणून संख्या वाढते, हा समज आधी काढून टाका!

उत्तर 2: वरचं अगदी बरोबर. स्लाइडवर मध्यावस्था-1 ला 8 ठिपके दिसले की मुलं ‘8 गुणसूत्रे’ लिहितात. त्या 8 जोड्या असतात, गुणसूत्रे 16. अर्धसूत्री पाहण्यासाठी कळीतले कोवळे परागकोश घ्या. सूत्री विभाजनासाठी मुळाचं टोक घेतलंत तर शेवटचे 1-2 मिमीच. त्याच्या वरच्या, जुन्या भागात विभाजन जवळजवळ नसतं. स्लाइडवर पेशी दाबून पसरवताना दाब कमी पडला तर गुणसूत्रे एकमेकांवर चढतात नि मोजणी 14-15 वर अडते.

प्रश्नकर्ता: म्हणजे पश्चावस्था-1 ला अर्धगुणसूत्रे 32?

उत्तर 1: हो, 32.