लेफ्ट फोर डेड २ : ते ८९ गुण गेमचे की सोबतीचे?

वारणाकाठ (सांगली)
धाकट्या भावाने परवा सेलमध्ये लेफ्ट फोर डेड २ घेतला, चौघांनी मिळून झोंबींच्या झुंडींतून वाट काढायचा गेम. दोन रात्री एकटाच खेळला आणि म्हणाला, "दादा, यात एवढं काय? पळायचं, गोळ्या घालायच्या, खोलीत शिरून दार लावायचं." समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर २००९ च्या या गेमला शंभरपैकी ८९ गुण आहेत, म्हणून मी आधी त्याच्याशी भांडलो. मग शेजारी बसून बघितलं आणि त्याचं पटलं. एकट्याला सोबत तीन बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो असे सोबती, मिळतात. नेम बरा धरतात, पण मोलोटोव्ह (पेटती बाटली) कधी फेकत नाहीत. कथा नावापुरती. समीक्षकांनी गुण दिले ते चार माणसं गृहीत धरून. चार मित्र जमले की कॅरमसुद्धा रात्रभर रंगतो, त्याचं श्रेय बोर्डाला द्यायचं का?

कराडकर
कॅरमची तुलना साफ चुकीची आहे. कॅरममध्ये कुणाचं काहीही झालं तरी तुमची पाळी तुमच्याच हातात असते. इथे हंटर नावाचा झेप घेणारा झोंबी छातीवर बसला की कितीही पट्टीचा खेळाडू असो, हातात काही राहत नाही. दुसऱ्याने धावत यायलाच पाहिजे. चार्जर या धडक मारणाऱ्या झोंबीने धरलं तरी तेच. पुढे पळणारा हुशार गडी पहिला मरतो. वर 'डायरेक्टर' नावाचा गेममधलाच प्रोग्राम आहे. तुमची अवस्था बघून तो झुंड कधी सोडायची, औषधपेटी कुठे ठेवायची हे ठरवतो, त्यामुळे तोच रस्ता दुसऱ्या दिवशी वेगळा जातो. सोबत आयती मिळत नाही, गेम ती करायला भाग पाडतो. गुण त्याचेच आहेत.

अजिंक्यतारा (सातारा)
मी वारणाकाठच्या बाजूने. पहिला भाग बनवणाऱ्या टर्टल रॉकनेच ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच धाटणीचा बॅक फोर ब्लड आणला. सुरुवातीला एकट्याने खेळलं तर खेळाडूची ताकद वाढवणारे पत्ते उघडायला लागणारे पॉइंट मिळतच नव्हते. त्यावरून समीक्षकांनी धारेवर धरलं आणि डिसेंबरात ते दुरुस्त करावं लागलं. म्हणजे एकट्या खेळाडूचा हिशोब मांडता येतो. मग २००९ ला तो का मांडला नाही?
आणि तेव्हा खेळाडूही काही सगळे खूश नव्हते. पहिला भाग नोव्हेंबर २००८ चा, आणि सात महिन्यांत दुसऱ्याची घोषणा. बहिष्कार घालणाऱ्या गटात ३७,००० हून जास्त लोक होते. गेम काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यांच्या दोन म्होरक्यांना बोलावून गेम खेळायला दिला, तेव्हा कुठे बहिष्कार निवळला.

उसाचाफड (वाळवा)
कथा नावापुरती म्हणता, तर यातली 'हार्ड रेन' मोहीम खेळलात का? डिझेल आणायला होडीतून उतरायचं. वाटेत बंद पडलेला साखर कारखाना, आत ठिकठिकाणी रडत बसलेल्या विच (डिवचलं की अंगावर धावणाऱ्या झोंबी बायका), आणि पलीकडे ऊस. वाळव्याच्या माणसाला उसात शिरल्यावर काय होतं ते सांगायला नको. पानं तोंडावर येतात, दोन हातांवरचं दिसत नाही, नुसती सळसळ. गेममध्ये अगदी तसंच आहे.
डिझेल मिळाल्यावर त्याच वाटेने परत यायचं. तोवर वादळ आलेलं असतं. मघाशी जिथून चालत गेलो तिथे आता पाणी, पाय उचलत नाही, म्हणून छपरांवरून जायचं. सर आली की समोरचं दिसत नाही, सोबत्याचं बोलणं पावसात बुडून जातं. मी हे पहिल्यांदा खेळले ती २०१९ च्या पुरानंतरची दिवाळी. ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. रोजचा रस्ता ओळखू येत नाही म्हणजे काय, ते आम्ही त्या आठवड्यात बघितलं होतं. या गेमने नुसत्या वाटेतून ते दाखवलं. मला ही कथाच वाटते.

वारणाकाठ
ताई, पुराचं वाचून गप्पच बसलो. आमच्या गल्लीतही पाणी होतं. पण ती आठवण तुम्ही सोबत नेलीत. ज्याने पूर पाहिला नाही त्याला तिथे फक्त भिजलेला नकाशा दिसेल.

उसाचाफड
नाही पटत. जाताना ओळखीची करून दिलेली वाट येताना परकी करायची, ही बनवणाऱ्याची करामत आहे. पूर न पाहिलेल्या माझ्या पुण्याच्या मामेभावालाही ती कळली. "इथेच तर औषधपेटी ठेवली होती ना?" म्हणून तो त्या पाण्यात शोधत होता.

कराडकर
वारणाकाठ, तुमच्या भावाने हार्ड रेन केलंय का?

वारणाकाठ
नाही, पहिल्याच मोहिमेत कंटाळला. माझं मत अजून तेच आहे, एकट्याने घेणाऱ्याला परीक्षणात पहिल्या ओळीत सावध केलं पाहिजे. पण औषधपेटीचं ऐकून तो आत्ता विचारतोय, रविवारी रात्री नऊला दोन जागा भरतील का?

उसाचाफड
एक माझी.

कराडकर
दुसरी माझी. आणि त्याला सांगा, परतीसाठी औषधपेट्या जातानाच मागे ठेवायच्या.