अकाउंट्समध्येच काम करायचंय, तर बी.कॉम. लागतंच का?

इचलकरंजीची लेक:
धाकटा भाऊ यंदा बारावी कॉमर्स झाला. सुट्टीत टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकला आणि गावातल्या एका कर सल्लागारांकडे जायला लागला. ते म्हणतात, पूर्णवेळ ये, पगार चालू करतो. आता हा कॉलेजच नको म्हणतोय. बाबांचं म्हणणं, पदवी नसेल तर जन्मभर दुसऱ्याची बिलं चढवत बसशील. प्रवेशाची मुदत संपत आलीय. जाणत्यांनी सांगा, पदवी खरंच लागते का?

आकडेमोड:
ताई, नोकरीला नाही लागत. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला आधी बँकेचं स्टेटमेंट देतो आणि खात्याशी शिल्लक जुळवायला सांगतो. मग जीएसटीआर-2बी, म्हणजे विकणाऱ्या पार्ट्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी, आणि आपल्या खरेदीच्या नोंदी जुळवायच्या. पार्टीने बिल दाखवलंच नाही, भलत्या नंबरवर दाखवलं की आपल्याकडेच दोनदा चढलंय, हे ज्याला हुडकता येतं तो टिकतो. 11 तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-1, 20 ला कर भरायचं 3बी. त्या धावपळीत मार्कशीट कुणी विचारत नाही. चालून आलेलं काम सोडू नका.

खतावणी:
काम सोडू नये हे बरोबर. पण पदवी नोकरीत अडत नाही, स्वतःची पाटी लावताना अडते.

जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे लोकांची जीएसटी रिटर्न भरून देणारा, म्हणून नोंदणी करायची तर वाणिज्य, विधी, बँकिंग अशा विषयातली पदवी लागते, नाहीतर सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांपैकी एकाची अंतिम परीक्षा पास हवी. अनुभव कितीही असो, बारावीवर होत नाही. दुसरं, तुमच्या भागात पतसंस्था, दूध संस्था, सूतगिरण्या आहेत. त्यांच्या लेखापरीक्षणाच्या कामात शिरायला सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार व लेखा पदविका) परीक्षा उपयोगी पडते. तिला शाखा कुठलीही चालते, पण पदवीधरच बसू शकतो. बँकेच्या क्लार्क आणि पीओच्या (अधिकारी) परीक्षांनाही पदवी लागतेच.

सीएला मात्र पदवीची अट नाही. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, सीएच्या हाताखाली दोन वर्षांची आर्टिकलशिप (पूर्वी तीन होती) आणि फायनल. तरी सोबत बी.कॉम. कराच असं मी कळकळीने सांगेन. इंटरला वर्षानुवर्षं अडकलेली हुशार मुलं पाहिलीत. पदवी नसेल तर कागदावर ती बारावी पासच राहतात, आणि ते मनाला फार लागतं.

इचलकरंजीची लेक:
सीए नको म्हणतो. पुढे स्वतःचं ऑफिस टाकायचंय. पण रोज कॉलेज आणि काम दोन्ही कसं जमणार?

खतावणी:
मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. बघा. नोकरी सांभाळून होतं. जवळचं अभ्यासकेंद्र कुठलं, ते आधी चौकशी करून घ्या.

आकडेमोड:
आणि त्या सल्लागारांशी परीक्षेच्या सुट्टीचं आत्ताच बोलून घ्या. परीक्षा नेमकी रिटर्नच्या तारखांना आली की सुट्टी मिळणं मुश्किल होतं. भावाला एवढंच सांगा, 55 टक्क्यांच्या खाली जाऊ नको. वाणिज्य पदवीला तेवढे असले तर पुढे सीएचं मन झालं तरी फाउंडेशन न देता थेट इंटरला नाव घालता येतं.