स्कॉटलंडमधलं लिस्टेड दगडी घर: भिंतीला ओल, सिमेंटच्या दरजा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फाइफमधल्या एका खेड्यात आम्ही मार्चमध्ये छोटं बैठं दगडी घर घेतलं. दोन खोल्या, माळा आणि वर तांबडी कौलं. कौलं बघून मला राजापूरचं आजोळ आठवलं आणि व्यवहारबुद्धी तिथेच संपली. घर सी वर्गात लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत. सगळ्यात खालचा वर्ग, म्हणजे कटकट कमी, असा आमचा समज. पण ए असो, बी असो की सी, बदल करायच्या परवानगीचा नियम एकच, आणि तो घराच्या आतल्या भागालाही लागू.

तर, पश्चिमेकडच्या भिंतीला आतून कमरेपर्यंत ओल आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, लोणा लागलाय, नख लावलं की गिलावा पिठीसाखरेसारखा भुरभुरतो. त्या बाजूच्या कपाटातल्या चपलांना आठवड्यात बुरशी. बाहेरून आधीच्या मालकाने सगळ्या दरजा सिमेंटने भरल्यात. सिमेंट जसंच्या तसं उभं आणि वालुकाश्म मात्र झिजून बोटभर आत गेलाय. दगड गेला, दरज राहिली!

एक कंत्राटदार म्हणतो, भिंतीला भोकं पाडून रसायन भरू आणि आतून बोर्ड मारू. शेजारचे आजोबा म्हणतात, अजिबात नको. भिंत २ फुटी, पोटात दगडगोटे आणि चुना. पाणी शिरणारच, ते चुन्यातून सुकून जायचं, सिमेंटने कोंडलंय. आधी पन्हळ साफ करा, बाहेर चढलेली माती खाली घ्या, मग सिमेंट काढून चुना भरा. मला आजोबांचं पटतंय, नवऱ्याला कंत्राटदाराचं (तो एका आठवड्यात उरकणार आहे ना).

कुणी असं काम करून घेतलंय का? दरजा बदलायला तुमच्या काउन्सिलने लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (म्हणजे तीच बदलाची परवानगी) मागितलं होतं की नुसतं विचारून भागलं? सिमेंट ग्राइंडरने काढलं तर दगडाच्या कडा जातील अशी भीती वाटते. छिन्नीने एका भिंतीला साधारण किती दिवस लागतात? ओल्या चुन्याला हिमाचं वावडं, म्हणजे आता सप्टेंबरात सुरू करावं की सरळ वसंतापर्यंत थांबावं?

शिवाय मागची एक खिडकी प्लास्टिकची आहे. ती विनापरवाना बसवलेली असेल, तर निस्तरायचं आत्ताच्या मालकाने, म्हणजे आम्हीच. तो वेगळा धागा होईल. भिंतीचे फोटो उद्या उजेडात काढून टाकते.