मदत हवी आहे : कामावरून काढलेल्या दिवाणजींनी पेढीच्या नावाने उचललेला माल

नमस्कार. भागीदारी पेढ्यांच्या कायद्याची माहिती असणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे. वकिलांची भेट पुढच्या आठवड्यात ठरली आहे. त्याआधी नेमके काय विचारायचे आणि कोणते कागद न्यायचे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

कराडजवळ शेतीच्या पाइपांचे आमचे दुकान आहे. मी आणि माझे थोरले आतेभाऊ असे दोघे निम्म्या-निम्म्या वाट्याचे भागीदार आहोत. भागीदारीपत्र केलेले आहे, पण पेढीची नोंदणी राहून गेली. खरेदीचे काम नऊ वर्षे दिवाणजीच पाहत होते. कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याला ते फोनवरून पेढीच्या नावाने ऑर्डर देत, व्यापाऱ्याच्या गाडीने माल दुकानात येई आणि महिनाअखेर आम्ही बिल चुकते करत असू. लेखी अधिकारपत्र त्यांना कधीच दिले नव्हते. जूनमध्ये हिशेबातील तफावतीमुळे त्यांना कामावरून कमी केले, मात्र व्यापाऱ्याला तसे कळवले नाही. जुलैमध्ये त्यांनी पेढीच्या नावाने १,८६,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला आणि स्वतः टेम्पो नेऊन तो परस्पर उचलला.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मी वाचून पाहिला. लेखी अधिकारपत्र नसले तरी वहिवाटीवरून एजंटचा अधिकार ठरतो, असे कलम १८७ वरून दिसते. कलम २०८ तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले. त्यातील उदाहरणात मद्रासचा मालक मुंबईच्या गोदामातील कापूस विकण्याचा अधिकार पत्राने काढून घेतो, एजंट तरीही तो विकून पैशांसह पळून जातो, आणि अधिकार काढून घेणाऱ्या त्या पत्राची कल्पना नसलेल्या खरेदीदाराने एजंटला दिलेले पैसे मालकाला पोचले असेच धरले जाते. अधिकार संपल्याचे तिऱ्हाइताला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही, असा याचा अर्थ मी लावला आहे. तसे असेल तर दिवाणजींना काढले त्याच दिवशी व्यापाऱ्याला एक पत्र टाकले असते, तरी पुरले असते. मात्र नऊ वर्षांची पद्धत मोडून ते टेम्पो घेऊन आले, तेव्हा व्यापाऱ्याने आम्हाला एक फोन करायला हवा होता, हा बचाव न्यायालयात टिकेल का?

याहून मोठी अडचण पुढे आहे. व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला आला, तेव्हा आतेभावांनी जुन्या संबंधांच्या भिडेपोटी २५,००० रुपये देऊन पावती घेतली. दुसऱ्याने आपल्या नावाने, पण अधिकाराविना केलेला व्यवहार मागाहून आपला मानणे, म्हणजे अनुसमर्थन, वागण्यातूनही होऊ शकते. आणि कलम १९९ प्रमाणे व्यवहाराचा एक भाग मान्य केला की सगळाच मान्य केला असे होते. दुसरीकडे कलम १९८ सांगते की महत्त्वाच्या गोष्टींची सदोष माहिती असताना दिलेली मान्यता ग्राह्य नाही. पैसे देताना आतेभावांना हे बिल जूनपूर्वीच्या मालाचे वाटले होते. पावतीवर नुसते 'खात्यावर जमा' असे लिहिले आहे, बिलाचा क्रमांक नाही. हा मजकूर आमच्या बाजूचा मानावा की विरोधातला?

भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ मुळे पेढीचे देणे आम्हा दोघांच्या घरापर्यंत येऊ शकते, हे मी गृहीत धरले आहे. आता एलएलपी (भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी भागीदारी) केली तरी जुन्या देण्यातून सुटका नाही, हेही कळते. पण कलम ६९ चा विचित्र परिणाम असा दिसतो की नोंदणी नसल्याने व्यापारी आमच्यावर दावा लावू शकतो, मात्र पेढीला दिवाणजींवर करारावर आधारलेला दावा लावता येत नाही. दावा दाखल करण्यापूर्वी नोंदणी करून घेतली तर जुलैच्या घटनेसाठीही हा अडथळा दूर होतो का, की नोंदणीच्या नादी न लागता आधी फसवणुकीची फिर्याद द्यावी?


व्यापाऱ्याच्या नोटिशीला उत्तर द्यायला अकरा दिवस उरले आहेत.