पावसाची भीती कोकणाबाहेरच्यांना

इथे चर्चेत कोणीतरी म्हटलंय की 'तुंबाड' या हॉरर पिक्चरची भीती म्हणजे पाऊस आणि वाडा, बाकी काही नाही. वाड्याचं मान्य. पावसाचं मला तरी नाही पटत, कारण मालवणात वाढलेल्याला पावसाची भीती कसली वाटणार, पाऊस म्हणजे गळकी कौलं, न वाळणारे कपडे आणि लाईट गेली म्हणून शिव्या! आमच्याकडे धाक होता तो भर दुपारचा. आजी ओरडायची, "बाराक पाणंदीत जाव नको", आणि खरंच बाराला माडांची सावली पायाशी गोळा झालेली, वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तेव्हा जे वाटायचं ते कुठल्याच हॉरर पिक्चरने अजून दिलेलं नाही.

आणि एक, इथे कोणी काढलं नाही म्हणून. 'तुंबाड'मधला म्हातारीचा भाग भयकथाकार नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून घेतलाय, आणि ती कथा अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून सुचलेली. किंगकडे पिक्चरसारखा खजिना नाही, हस्तर नावाचा शापित देव नाही, भावाचा पाय मोडला म्हणून आई हॉस्पिटलात गेलीय आणि अकरा वर्षांचा पोरगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा, बस एवढंच. ज्याच्या घरी माजघरात असं म्हातारं माणूस पडून होतं आणि ज्याला "जरा बघ रे, पाणी हवंय का" म्हणून आत पाठवलंय त्याला ती कथा जास्त लागते. पिक्चरचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, ज्यात हॉररचा संबंधच नाही, तरी वाचा, खोतांची घरं कशी पोखरत गेली ते त्यात आहे.