बडोद्यातल्या वाचनगटासाठी २००० नंतरची मराठी कादंबरी: सुरुवात कोणापासून?

दांडिया बाजार
आमचा गट पुढच्या महिन्यापासून नवी मराठी कथा-कादंबरी घेतोय. घरी सगळे मराठीच बोलतात, पण बहुतेकांची शाळा गुजराती माध्यमाची. वाचन पुलं-वपुंपाशी थांबलेलं. महिन्याला एक पुस्तक. कोणते लेखक, कोणत्या क्रमाने?

पानपान
आधी मिलिंद बोकीलांची 'शाळा'. नववीतला मुकुंद, आणीबाणीचे दिवस. शाळकरी पोरांची बोलण्याची भाषा, कुठे अडत नाही. मग कविता महाजनांची 'ब्र', आदिवासी भागातल्या महिला सरपंचांची. हिच्यावर हमखास वाद होतात, ते बरंच.
भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'ने मात्र सुरुवात नको. सहाशेच्या आसपास पानं, खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावला पोचेस्तोवर गोष्टीत गोष्ट. महिन्यात उरकत नाही. मग अर्ध्यावर सोडलेले लोक कादंबरी ठेवून नेमाड्यांच्या मुलाखतींवर भांडतात.

वऱ्हाडपांडे नव्हे
क्रम पटला. पण तुमच्याकडे खरी अडचण बोलीची येणार. म्हणून सदानंद देशमुखांची 'बारोमास' आधी घ्या: शेतकऱ्याचं घर, वऱ्हाडी संवाद, निवेदन सरळ. त्यानंतरच कृष्णात खोतांचं 'रिंगाण' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३). धरणाने उठवलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस, एवढ्यावर उभी कादंबरी आहे, पण बोली निवेदनातही मुरलेली. मनातल्या मनात वाचलं की ठेचा लागतात. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा, कोणी कोल्हापूरकडचं असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. दर शब्दाला कोश उघडू नका. क्रियापदांची रूपं कानात बसली की बाकीचं संदर्भाने कळतं.

तळटीप
जयंत पवार राहिले की! 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. कथा लांब आहेत, एका बैठकीला दोन पुरे. गिरण्यांचा १९८२ चा संप आधी पाच मिनिटांत सांगून टाका.
श्याम मनोहर शेवटी. 'उत्सुकतेने मी झोपलो'ची वाक्यं छोटी, शब्द साधे, तरी माणूस दमतो, कारण तो कथानक शोधत बसतो.

दांडिया बाजार
पुस्तकं इथे मिळतील?

पानपान
मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बघा, पण एका प्रतीवर गट चालत नाही. मागवताना लेखक-प्रकाशक दोन्ही लिहा: 'शाळा' मौजेची, 'ब्र' राजहंसची. नुसतं 'शाळा' शोधलंत तर दप्तरं आणि गाइडं येतील.